परत मागवलेली सप्रेम भेट

‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड’ या पुस्तकाची खरी पहिली आवृत्ती 1865 सालची. तिच्या दोन हजार प्रती छापल्या गेल्या. त्यांतल्या 1865 सालचेच शीर्षकपृष्ठ असलेल्या प्रती आज जगभरात मिळून जेमतेम बावीस-तेवीस माहीत आहेत. पुस्तके दुर्मीळ होतात ती बहुधा आग, पूर, वाळवी किंवा अनास्था यांमुळे. ही आवृत्ती दुर्मीळ झाली ती लेखकानेच ती रद्द केल्यामुळे. रद्द करण्यापूर्वी त्याने काही प्रतींवर आपल्या हाताने नावे घालून त्या स्नेह्यांना दिल्या होत्या, आणि नंतर पत्रे लिहून त्या परत मागवल्या.

हा लेखक म्हणजे चार्ल्स लटविज डॉजसन. ऑक्सफर्डच्या ख्राइस्ट चर्च महाविद्यालयात तो गणित शिकवत असे. कथा-कवितांसाठी त्याने घेतलेले लुइस कॅरल हे नाव 1865 मध्ये फारसे कोणाला ठाऊक नव्हते. पुस्तकाचा उगम सर्वपरिचित आहे. 4 जुलै 1862 रोजी रॉबिन्सन डकवर्थ हा मित्र आणि महाविद्यालयाचे डीन हेन्री लिडेल यांच्या लोरिना, ॲलिस व ईडिथ या तीन मुली यांच्यासह कॅरल नावेतून गॉडस्टोला गेला. वाटेत त्याने मुलींना एक गोष्ट सांगितली, आणि दहा वर्षांच्या ॲलिसने ती लिहून देण्याचा हट्ट धरला. कॅरलने ती सुवाच्य अक्षरात लिहिली, स्वतःच 37 चित्रे काढली आणि नव्वद पानांचे ते हस्तलिखित 26 नोव्हेंबर 1864 रोजी तिला भेट दिले. तोवर गोष्ट छापायचे ठरलेही होते. कादंबरीकार जॉर्ज मॅकडॉनल्ड याच्या घरी ती वाचली गेली होती, मुलांना आवडली होती, आणि मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेशी बोलणी झाली होती.

व्यवहार कसा ठरला होता, हे इथे महत्त्वाचे आहे. छपाई, चित्रे, बांधणी, जाहिरात असा सगळा खर्च लेखकाचा. मॅकमिलनने दलालीवर पुस्तक विकायचे. त्यामुळे कागद, रंग, आकार याबाबतचा शेवटचा शब्द कॅरलचा होता. मुलांच्या डोळ्यांना भुरळ पडावी म्हणून मुखपृष्ठ लाल कापडाचे हवे, हा आग्रह त्याचाच. चित्रांसाठी त्याने ‘पंच’ साप्ताहिकाचा व्यंगचित्रकार जॉन टेनिएल याला गाठले. टेनिएलचे नाव त्या वेळी कॅरलपेक्षा कितीतरी मोठे होते. बेचाळीस चित्रांसाठी त्याला 138 पौंड मिळाले. डॅल्झिएल बंधूंच्या कारखान्यात ती चित्रे लाकडी ठोकळ्यांवर कोरली गेली. छपाईत मूळ ठोकळे झिजू नयेत म्हणून त्यांवरून धातूचे ठसे तयार करण्यात आले. मजकुराची छपाई ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसकडे सोपवली होती.

जूनअखेरीस प्रती हाती आल्या. नावेतल्या सहलीला 4 जुलैला तीन वर्षे होत होती, आणि त्याच दिवशी पांढऱ्या चर्मपत्राने बांधलेली एक खास प्रत ॲलिसला मिळावी अशी व्यवस्था कॅरलने केली. 15 जुलै रोजी तो लंडनला मॅकमिलनच्या कचेरीत गेला. तिथे बसून त्याने वीसहून अधिक प्रतींवर स्नेह्यांची नावे घातली. मराठी लेखक पहिल्या कोऱ्या पानावर ‘सप्रेम भेट’ लिहून खाली सही करतो, तोच हा प्रकार.

चार दिवसांनी, 19 जुलैला, टेनिएलचे पत्र आले. चित्रांची छपाई त्याला मुळीच मान्य नव्हती. जुन्या खिळाछपाईची पुस्तके हाताळलेल्यांना त्याची तक्रार समजायला अडचण पडणार नाही. शाई कुठे कमी तर कुठे जास्त बसली की कोरीव रेघांचा नाजूकपणा जातो. मागच्या पानाचा मजकूर पुढच्या पानावर डोकावला की चित्राच्या मोकळ्या जागा मळकट दिसतात. उरलेल्या प्रती तपासून पुढच्या काळातल्या ग्रंथतज्ज्ञांनी असे दोष दाखवले आहेत. मात्र ते सगळ्या प्रतींत आणि सगळ्या पानांवर सारखे नाहीत. सामान्य वाचकाने कदाचित हरकत घेतली नसती. पण चित्रकाराची रेघ ही त्याची अब्रू असते, आणि कॅरलने ती तशीच मानली. दुसऱ्याच दिवशी तो टेनिएलचे पत्र घेऊन मॅकमिलनकडे गेला. 2 ऑगस्टला निर्णय पक्का झाला: पुस्तक लंडनच्या रिचर्ड क्ले या मुद्रकाकडून नव्याने छापून घ्यायचे आणि आधीचे दोन हजार संच रद्दीत काढायचे.

त्या दिवशी कॅरलने रोजनिशीत मांडलेला हिशेब बोलका आहे. नवी आवृत्ती धरून खर्च 600 पौंड, म्हणजे प्रतीमागे सहा शिलिंग. दोन हजार प्रती विकून 500 पौंड आले तरी शंभराची खोट, आणि रद्द झालेल्या छपाईचे आणखी शंभर. एकूण दोनशे पौंड पदरचे जाणार. आणखी दोन हजार प्रती खपल्या तर तोंडमिळवणी होईल, त्यापुढचा खप म्हणजे नफा. पण एवढी आशा धरवत नाही, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे. टेनिएलच्या समाधानासाठी एवढी झळ सोसायला तो तयार झाला तेव्हा हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या छापले जाणार आहे, याची त्याला किंचितही कल्पना नव्हती. या निर्णयाचे मोल त्यातच आहे.

राहिल्या होत्या वाटलेल्या प्रती. बांधून तयार झालेल्या प्रतींची संख्या पन्नासच्या आसपास होती आणि त्यांतल्या बऱ्याच स्नेह्यांच्या घरी पोहोचल्या होत्या. कॅरलने त्यांना पत्रे लिहिली: ही प्रत परत करावी, बदल्यात चांगली छापलेली प्रत मिळेल. नाव घालून दिलेली भेट परत मागणे त्या काळच्या ऑक्सफर्डमध्येही अवघडच वाटले असणार. तरी बऱ्याच जणांनी प्रती परत केल्या. त्या रद्दीत गेल्या नाहीत. कॅरलने त्या रुग्णालयांतल्या मुलांसाठी देऊन टाकल्या. आजारी मुलांच्या हातांतून फिरणारे पुस्तक फार वर्षे टिकत नाही. संग्राहकांना याची हळहळ वाटते, पण या पुस्तकाला त्याहून चांगले वाचक मिळाले नसते.

न बांधलेल्या तावांचेही नशीब पालटले. रद्दीत जाण्याऐवजी ते न्यूयॉर्कच्या ॲपलटन या प्रकाशकाला विकले गेले. जुने शीर्षकपृष्ठ काढून 1866 सालचे नवे जोडले गेले आणि त्या प्रती अमेरिकेत विक्रीला आल्या. म्हणजे अमेरिकी वाचकांनी घेतलेल्या या ‘ॲपलटन ॲलिस’चा मजकूर आणि चित्रे ही मूळ ऑक्सफर्डच्या छपाईचीच आहेत. ग्रंथव्यवहारात तिला वेगळे स्थान आहे, आणि तिची किंमत मूळ 1865च्या प्रतीहून बरीच कमी असते. फरक असतो तो एका पानाचा.

क्लेने छापलेली आवृत्ती नोव्हेंबर 1865 मध्ये आली. नाताळच्या तोंडावर येणाऱ्या पुस्तकांवर पुढच्या वर्षाचा आकडा घालण्याच्या रिवाजाप्रमाणे तिच्यावर 1866 छापलेले आहे. 9 नोव्हेंबरला नमुन्याची प्रत पाहून कॅरल पूर्ण समाधानी झाला, आणि टेनिएलनेही संमती दिली. पुस्तक साडेसात शिलिंगांना विकले जाऊ लागले. दोनशे पौंडांच्या खोटीची भीती लवकरच मिटली.

छपाईबाबतचा हा कटाक्ष एकदाच दिसला असे नाही. 1889 मध्ये लहान मुलांसाठीच्या ‘द नर्सरी ॲलिस’ या रंगीत पुस्तकाचे दहा हजार संच रंग भडक झाले म्हणून त्याने नाकारले. 1893 मध्ये ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’च्या एका छपाईत चित्रे बिघडल्याचे दिसताच ती विक्रीतून काढून घेतली आणि विकल्या गेलेल्या प्रती परत करण्याचे आवाहन केले. ॲलिसला दिलेले हस्तलिखितही त्याने 1885 मध्ये मागितले, पण ते उसने. ॲलिस तेव्हा श्रीमती हारग्रीव्ह्ज झाली होती. हस्तलिखिताची हुबेहूब प्रतिकृती 1886 मध्ये निघाली आणि मूळ वही तिच्याकडे परत गेली.

1865च्या ज्या प्रती उरल्या, त्यांतल्या बहुतेक आता अमेरिका व ब्रिटनमधल्या संस्थांच्या ग्रंथालयांत आहेत. खासगी हातांत मोजक्याच राहिल्या आहेत. त्यांचा माग काढण्याचे काम अभ्यासकांनी नेटाने केले. गणितज्ञ वॉरन वीव्हर हा या आवृत्तीचा मोठा जाणकार. ॲलिसच्या जगभरच्या भाषांतरांवरही त्याने 1964 मध्ये पुस्तक लिहिले. 1990 मध्ये जस्टिन शिलर या ग्रंथविक्रेत्याने या छपाईचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले, त्यात सेल्विन गुडेकर याने केलेली उरलेल्या प्रतींची नोंदणीही आहे.

अशा प्रतींत हस्ताक्षराला विशेष वजन असते. ते केवळ लेखकाची सही म्हणून नव्हे, तर पुस्तक कोणाकडे, कधी, कोणत्या नात्याने गेले याचा पुरावा म्हणून. प्रतीचा एका घरातून दुसऱ्या घरापर्यंतचा प्रवास जितका सलग जोडता येतो, तितका तिच्या खरेपणावरचा विश्वास वाढतो. ख्राइस्ट चर्चमधला सहकारी जॉर्ज विल्यम किचिन याच्याकडे गेलेली प्रत याचे चांगले उदाहरण. किचिन पुढे डरहॅमचा डीन झाला. त्याची मुलगी अलेक्झांड्रा, म्हणजेच एक्सी, हिची अनेक छायाचित्रे कॅरलने काढली. मूळ लाल बांधणीतली ही प्रत जून 2016 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजच्या लिलावात आली. वीस ते तीस लाख डॉलरचा अंदाज जाहीर झाला होता, पण ती त्या दिवशी विकली गेली नाही.

कॅरलने स्वतःजवळ ठेवलेल्या प्रतीची गोष्ट निराळी. आपण नाकारलेल्या त्या पुस्तकाच्या पानांवर त्याने ‘द नर्सरी ॲलिस’साठी जांभळ्या शाईत खुणा केल्या. ही जांभळी शाई तो 1870 नंतर वापरू लागला. शाईवरूनच या नोंदी पुस्तकाच्या जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी झाल्या, हे उघड होते. टेनिएलची दहा मूळ रेखाटने सोबत असलेली ही प्रत डिसेंबर 1998 मध्ये क्रिस्टीजच्याच लिलावात 15 लाख 40 हजार डॉलरला गेली. बालसाहित्याच्या पुस्तकाला तोवर एवढी किंमत आली नव्हती. आता ती ख्राइस्ट चर्च आणि बॉडलियन ग्रंथालय यांना भेट म्हणून मिळाली असून, जिथे तिचे ताव छापले गेले त्या ऑक्सफर्डमध्येच आहे.