सायकलीची वाट कुणाकडं मागायची?

आमच्या शेजारची पोर आठवीत आहे. परवा समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, तिनं सायकल खाली घेतली, तर डांबराच्या कडेवरून चाक घसरलं. कोपर फुटलं. आजी म्हणाली, "पुरे झाली शाळा."

मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. पण चालवायच्या कुठं? शहरात सायकलींसाठी वेगळा पट्टा आखतात (त्यावर गाड्याच उभ्या असतात, ते सोडा). आपला पट्टा म्हणजे साइडपट्टी, डांबराशेजारचा मुरूम. पावसानं तो वाहून जातो, डांबर वीतभर उंच राहतं, वरून बाभळी आत येतात. मुरूम भरून दाबला, बाभळी छाटल्या, की पोरींना उतरायला जागा होते.

हे सांगायचं कुणाला, इथंच आपण चुकतो. रस्त्याच्या पाटीवरची अक्षरं बघा. 'ग्रामा' किंवा 'इजिमा' असेल तर रस्ता जिल्हा परिषदेचा. 'प्रजिमा' किंवा 'रामा' असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाचा. ग्रामपंचायत तिथं स्वतः काम करणार नाही, पण ठराव करून पाठवू शकते.

ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. तिथं विषय मांडा: कुठल्या वळणापासून कुठल्या पुलापर्यंत साइडपट्टी खचली, शाळेपुढं गतिरोधक हवा का. मग तो ग्रामसभेत घ्यायला लावा. ठरावाची नक्कल मागा आणि ती अर्जाला जोडा.

अर्ज दिल्यावर शिक्क्याची पोच घ्या. आमची पहिली खेप तिथंच फुकट गेली.