डोंगरातली बालवाडी

अमेरिका म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात. वेस्ट व्हर्जिनिया मात्र डोंगरांचं आणि कोळशाच्या खाणींचं राज्य. तिथे ५५ काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग. प्रत्येकीचं एकच शिक्षण मंडळ. मॅक्डॉवेल काउंटीत १९५० साली सुमारे ९९ हजार माणसं होती. खाणींत यंत्रं आली, कित्येक खाणी बंद पडल्या. २०२० साली १९ हजार उरली. अशा विरळ वस्तीत खासगी बालवाडी कोण काढणार?

२००२ साली राज्यानं कायदा केला : दहा वर्षांच्या आत चार वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी सरकारी बालवाडीत जागा हवी. गरिबांच्या मुलांसाठी १९६५ पासून ‘हेड स्टार्ट’ होतंच. निदान निम्मे वर्ग अशा संस्थांच्या जोडीनं चालवा, असंही ठरलं. त्यामुळे खाणमजुराचं आणि डॉक्टरचं मूल एकाच सतरंजीवर बसू शकतं.

काळजी एकच. पैसा पटाप्रमाणे मिळतो. गाव रिकामं होतं, पट घटतो, निधी आटतो. शिक्षिकेचा पगार मात्र दहा मुलं असोत की वीस, तेवढाच लागतो. पट लहान झाला, म्हणून उरलेल्या मुलाची शिकण्याची भूक काही लहान होत नाही.