वरून घार, खालून मुंगूस

भित्र्या माणसाला इंग्रजीत ‘चिकन’ म्हणतात. आपल्याकडेही कोंबडीला कुणी शूर म्हणत नाही. तिला दात नाहीत, सशासारखी धाव नाही, उडणेही जेमतेमच. तरी तिची जात टिकून आहे. पाळीव कोंबडीचा मूळ पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. जंगलातले त्याचे शहाणपण आपल्या परसातल्या कोंबडीने अजून सोडलेले नाही.

माझ्या लहानपणी पनवेलच्या आमच्या मोहल्ल्यात घरोघर खुराडी असत. कोंबड्यांवर संकट दोन दिशांनी येई. वरून घार, खालून मुंगूस नाहीतर बोका. आई चुलीपुढून उठायची नाही. नुसता आवाज ऐकून सांगायची, ‘बघ रे, घार आलीय,’ किंवा ‘मुंगूस शिरलंय वाटतं.’ मला त्याचे नवल वाटे. पुढे वाचनात आले की, पक्ष्यांच्या आवाजाचे मोठे अभ्यासक पीटर मार्लर आणि त्यांचे सहकारी याच गोष्टीचा शोध घेत होते.

घार दिसली की कोंबडा एकदाच, बारीक आणि लांबट आवाज काढतो. असा आवाज नेमका कुठून आला हे शिकारी पक्ष्याला चटकन कळत नाही. जमिनीवरचा शत्रू दिसला तर मात्र तो ‘कुक् कुक् कुक्’ असा तुटक कलकलाट लावून धरतो. मांजर, मुंगूस दबा धरून येणारे. आपण दिसलो हे त्यांना कळले की त्यांचा डाव फसतो, असे अभ्यासक मानतात.

१९९३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात हे दोन्ही आवाज ध्वनिमुद्रित करून कोंबड्यांना ऐकवले होते. आसपास शत्रू नव्हताच. तरी पहिल्या आवाजाला त्या आडोशाला पळाल्या, अंग चोरून बसल्या, मान तिरकी करून वर पाहू लागल्या. दुसऱ्या आवाजाला ताठ उभ्या राहून चौफेर बघू लागल्या. म्हणजे हे नुसते घाबरून ओरडणे नाही. ‘वरून’ आणि ‘खालून’ असे हे जणू दोन शब्दच आहेत.

आणखी एक गोष्ट दिसून आली. कोंबडा एकटा असेल तर घार पाहूनही बहुधा गप्प राहतो. जवळ कोंबडी असेल तर ओरडतो. हाक ऐकणारे कुणी असेल तरच तो ती देतो.

ही हाक फक्त आपल्या जातीपुरती नसते. ताडोबाच्या जंगलात वाघ दिसून वानर शेंड्यावरून ओरडला की खाली चरणारे चितळ कान टवकारते. आपल्या कर्नाळ्याच्या अभयारण्यात शेपटीला दोन लांब पिसे असलेला भृंगराज आढळतो. तो कोतवालाच्या कुळातला. दुसऱ्या पक्ष्यांच्या आवाजाची तो हुबेहूब नक्कल करतो, त्यांच्या धोक्याच्या हाकाही त्याला येतात. एकाचे डोळे दुसऱ्याच्या कामी येतात, अशी ही शेजाऱ्यांची वस्ती आहे.

पण जिथे विश्वास असतो तिथे फसवणूकही शिरते. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात भृंगराजाचाच एक भाऊबंद आहे. मुंगसाच्या कुळातल्या मीरकॅटने किडा पकडला की हा खोटीच धोक्याची हाक देतो. मीरकॅट पळते आणि किडा याच्या चोचीत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्याच्या दिवसाच्या अन्नापैकी जवळपास चौथा हिस्सा असा चोरीचा असतो. तीच हाक वारंवार ऐकून मीरकॅट शहाणे होते. मग हा हाक बदलतो.

पक्ष्याच्या लबाडीत एक किडा जातो. माणसांत माणसे जातात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते भटक्या समाजातले, भिक्षा मागून जगणारे लोक होते. आपल्या मुलांना जपावे ही इच्छा खरी होती, हाक मात्र खोटी होती. मोबाइलवरून ती हातोहात पुढे जात राहिली.

यावर उपाय काय? केनियातल्या व्हर्व्हेट जातीच्या माकडांत तो पाहायला मिळतो. त्यांची पिल्ले अजाण असतात. झाडाचे पान गळून पडले तरी ‘गरुड! गरुड!’ म्हणून ओरडतात. मोठी माकडे त्या हाकेकडे दुर्लक्ष करत नाहीत. पण ऐकल्याबरोबर स्वतःही ओरडू लागत नाहीत. आधी मान वर करून आकाशाकडे बघतात. खरोखरच गरुड असला, तरच हाक पुढे देतात.