नोंदवही नसलेलं यंत्र

ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. त्यानंतर जवळपास वीस वर्षं एक तक्रार या घराण्याच्या मागे लागली होती: नवं कार्ड बसवलं की चालू असलेलं काहीतरी बंद पडतं. मॉडेम डायल करू लागला की माउस जागच्या जागी थिजतो, साउंड कार्ड घातलं की नेटवर्क गायब होतं. दुरुस्ती करणारे याला ‘आयआरक्यू कॉन्फ्लिक्ट’ म्हणत. याचं खापर बहुधा स्वस्त कार्ड बनवणाऱ्यावर फुटे, नाहीतर जंपर, म्हणजे कार्डाची जुळणी ठरवणारी छोटी टोपी, चुकीच्या जागी लावणाऱ्यावर. आज मागे वळून पाहताना हे दोन्ही आरोप अपुरे वाटतात. कार्ड उत्तम आणि हात सरावलेला असला तरी हा घोळ व्हायचा, कारण कोणत्या कार्डाने काय घेतलं आहे याची नोंद त्या यंत्रात कुठेच नव्हती.

मुळात रचनाच पाहू. कार्डाला प्रोसेसरचं लक्ष वेधायचं असेल तर ते आपल्या आयआरक्यू तारेवरचा व्होल्टेज वर चढवायचं. पहिल्या पीसीत अशा तारा आठच होत्या. शून्य क्रमांकाची टायमरला, एक कीबोर्डला, सहा फ्लॉपीला, सात प्रिंटरला, तीन आणि चार सीरियल पोर्टांना. प्रोसेसरच्या वतीने या तारांवर लक्ष ठेवणारी ८२५९ ही चिप फक्त व्होल्टेज चढण्याचा क्षण टिपायची. एका कार्डाने तार आधीच वर धरलेली असताना दुसऱ्याने हाक मारली, तर नवा चढ दिसत नसे आणि ती हाक वाया जाई. सीरियल पोर्टांत तर हा पेच नेमणुकीतच होता. कॉम-१ आणि कॉम-३ दोघांनाही चार क्रमांकाची तार, कॉम-२ आणि कॉम-४ दोघांनाही तीन क्रमांकाची. माउस कॉम-१ वर आणि मॉडेम कॉम-३ वर असला, तर एकेकटे दोघंही ठणठणीत. बिघाड दिसायचा तो दोघं एकाच वेळी कामाला लागले की. उलट, सुरुवातीची साउंड ब्लास्टर कार्डं प्रिंटरचीच सात क्रमांकाची तार घेऊनही बहुधा निभावून जात, कारण डॉसमध्ये छपाई सहसा त्या तारेशिवायच चाले. म्हणजे कॉन्फ्लिक्ट असूनही दिसत नसे, आणि दिसे तेव्हा बिघाड भलत्याच भागात आहे असं वाटे.

यावर कोणी म्हणेल, तारा कमी होत्या एवढंच खरं कारण. तुटवड्याने अडचण वाढवली, यात शंका नाही. पण १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये दुसरी ८२५९ चिप आली, वापरण्याजोग्या तारा पंधरा झाल्या, तरी भांडणं मिटली नाहीत. त्याहून बोलका पुरावा पोर्ट-पत्त्यांचा, म्हणजे प्रोसेसर ज्या क्रमांकांवरून कार्डांशी बोलतो त्यांचा, आहे. कार्डांसाठी ७६८ पत्ते मोकळे होते, तरीही अ‍ॅडॅप्टेकचं १५४२ हे स्कझी कार्ड आणि संगीतासाठीचा एमपीयू-४०१ इंटरफेस, दोघंही कारखान्यातूनच ३३० हा पत्ता घेऊन येत. आपापल्या जागी दोन्ही निर्माते बरोबर होते. मात्र एकाची निवड दुसऱ्याला कळण्याची सोयच नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कोणीही कार्ड बनवावं अशी मोकळीक दिल्यावर बेशिस्त येणारच. आयबीएमचं स्वतःचं उत्तर याच दिशेचं होतं. १९८७ च्या पीएस/२ मध्ये मायक्रो चॅनेल आलं. त्यात प्रत्येक कार्डाला ओळख-क्रमांक होता, जंपरऐवजी फ्लॉपीवरून जुळणी होई आणि एक तार अनेकांना वापरता येई. उपाय तांत्रिकदृष्ट्या पक्का होता, पण परवान्याचं शुल्क इतर उत्पादकांना रुचलं नाही. पुढच्याच वर्षी कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी ईसा (ईआयएसए) हा पर्याय जाहीर केला आणि मायक्रो चॅनेल बाजूला पडलं. शिस्त हवी तर मोकळीक सोडा, हा सौदा बाजाराने नाकारला. तो नकार योग्यच होता, असं माझं मत आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन जुळवलेला ‘असेंबल्ड’ पीसी सामान्य घराच्या आवाक्यात आला, तो याच मोकळिकीमुळे.

मोकळीक आणि शिस्त एकत्र नांदू शकतात, हे १९९२ च्या पीसीआयने दाखवलं. त्यात प्रत्येक कार्ड विचारल्यावर आपला निर्माता, आपला प्रकार आणि आपली गरज सांगतं. निर्मात्यांचे क्रमांक एक सामाईक संस्था देते. तार वाटून घेण्याची सोय झाली म्हणून भांडण मिटलं, असंही म्हणता येईल. पण तार वाटून घेता येते, पत्ता नाही; तरी पत्त्यांची टक्करही ओसरली, कारण आता वाटप नोंद पाहून होऊ लागलं. विंडोज ९५ च्या ‘प्लग अँड प्ले’ची फजितीही हेच सांगते. डिव्हाइस मॅनेजरमधलं पिवळं उद्गारचिन्ह वारंवार उमटे ते जुन्या जंपरवाल्या कार्डांच्या संगतीत. विचारलं तरी ती कार्डं उत्तरच देऊ शकत नसत.

जुनं यंत्र पुन्हा चालू करणाऱ्यांनी म्हणूनच निदान करणाऱ्या प्रोग्रॅमवर विसंबू नये. मुक्या कार्डांच्या बाबतीत तो बराचसा अंदाजच बांधतो. डिस्प्ले आणि डिस्कची कार्डं सोडून बाकी सगळी काढावीत, मग एकेक बसवून तपासावं. प्रत्येकाची तार, पत्ता आणि डीएमए (मेमरीशी थेट देवाणघेवाणीचा मार्ग) कागदावर लिहावा; ऑटोएक्झेक फाइलमधली ‘सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१’ ही ओळ जंपरशी जुळते का, तेही पाहावं. जे काम यंत्राकडे सोपवायचं राहून गेलं, ते त्या काळातले कारागीर असं हाताने करत होते. त्यांच्या त्या कामाला निव्वळ खटपट म्हणणं अन्यायाचं आहे. अनेकांच्या मालकीची, सर्वांना खुली व्यवस्था टिकवायची तर कोणी काय घेतलं याची सामाईक नोंद लागतेच, आणि ती नोंद कारागिरांच्या चिठ्ठ्यांमधून यंत्रात यायला पीसीला एक तप लागलं.