पत्रिकेवर ज्याचे नाव नसते

तुळशीचे लग्न लागले की आपल्या घरांत लग्नपत्रिकांचा ओघ सुरू होतो. हळदीकुंकवाची बोटे लावलेली पत्रिका आपण उघडतो आणि आपले नाव पाकिटावर नीट लिहिले आहे ना, हे आधी पाहून मग आतला मजकूर वाचतो. काय नसते त्या मजकुरात? वधूवर असतात, आजी-आजोबा असतात, काका, मामा, आत्या, मावश्या असतात. आमच्या मराठवाड्यात तर निमंत्रक, स्वागतोत्सुक, विनीत, प्रेषक असे नावांचे मजल्यावर मजले चढलेले असतात. आणि अगदी तळाशी, अजून पाळण्यातून खाली न उतरलेली मंडळी 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' असे बोबडे आमंत्रण देत असतात. छापखान्याचे नाव एखाद्या कोपऱ्यात सापडते. सापडत नाही ते एकच. ही सारी नावे ज्याने एकेक करून टंकली, मानापमानाच्या तराजूत तोलून वरखाली केली आणि माथ्यावर गणपती बसवला, त्या कारागिराचे!

या कारागिराला आता डिझाइनर म्हणतात. पुण्या-मुंबईच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे हा शब्द ऐकताच काचेच्या कचेऱ्या आणि थंडगार हवा उभी राहत असेल. मी ज्याच्याविषयी लिहितो आहे, त्याच्या दुकानाचे दार मात्र लोखंडी पत्र्याचे आहे, आणि वीज गेली की त्याचा पंखा आधी थांबतो. तो हिंगोली जिल्ह्यात राहतो. 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा लहानसा जिल्हा. औंढ्याचे नागनाथ, नामदेवांची नरसी आणि वसमतची हळद एवढ्यावर बाहेरच्यांची त्याच्याशी ओळख संपते. हा गडी माझा जुना विद्यार्थी. 2006 साली मराठी घेऊन बी. ए. झाला आणि पुढच्याच वर्षी एक संगणक घेऊन बसला. वडील पाट्या रंगवणारे पेंटर. किराणा दुकानापासून शाळेच्या भिंतीवरच्या सुविचारापर्यंत गावाची निम्मी अक्षरे त्यांच्या कुंचल्यातून उतरलेली. पुढे फ्लेक्स आला आणि कुंचला माळ्यावर गेला. म्हातारबुवा अजून दुकानात येऊन बसतात, मुलाने चुकलेली ओळ कळ दाबून पुसलेली पाहतात आणि म्हणतात, ''आमच्या टायमाला मागं घ्यायची सोय नव्हती, सर. लिव्हलं ते लिव्हलं.''

मुलाला मागे घ्यायची सोय आहे. पण त्यामुळेच त्याचा दिवस संपत नाही. कारण सोय आहे हे गिऱ्हाइकालाही ठाऊक झाले आहे. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोणाचा फोटो केवढा, यावरून सकाळपासून चार फोन येतात. थोरल्या नेत्याचा चेहरा ताटाएवढा, मधल्याचा वाटीएवढा आणि शुभेच्छुकांचे सुपारीएवढे, हा क्रम ठरलेला. वाटीला ताट व्हावेसे वाटू लागले की भांडण थेट याच्या टेबलावर येते. ''दोनच मिनिटांचं काम आहे की भाऊ, करून टाका,'' असे म्हणून माणूस शेजारी खुर्ची ओढून बसतो आणि दीड तासाने उठतो. पैसे? ते कार्यक्रम झाल्यावर. निवडणूक असली तर निकाल लागल्यावर. आणि उमेदवार पडला तर पुढच्या निवडणुकीत!

हे सारे हसण्यावारी नेता येते. पण त्याच्या कामाचा एक भाग असा आहे की, मी मराठीचा मास्तर असल्यामुळे मला तो हसण्यावारी नेता येत नाही. आमच्या भागात कऱ्हाळे हे आडनाव पुष्कळ. त्यातला तो अर्धचंद्रासारखा 'र' पाहावा. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना' दक्षिणा द्यायची आणि 'आचाऱ्यांना' मजुरी. हा भेद मराठीने डोळ्यांनाही दिसेल असा राखला आहे. घाईत बसणाऱ्याला त्या कळा सापडत नाहीत. मग कऱ्हाळे घराण्याच्या डोक्यावर रफार चढतो आणि तसाच हजार पत्रिकांवर छापला जातो. आमचा हा गडी तो रफार खाली उतरवतो. कोणी सांगितलेले नसते, त्याचे पैसे कोणी देत नाही, आणि उतरवला म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही. चुकले असते तर सारी आळी बोलली असती.

अक्षर घडवणाऱ्याचे हे नशीब जुनेच आहे. जावजी दादाजींनी लहानपणी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळ्यांचे काम केले, 1864 साली स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि 1869 साली निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्या खिळ्यांवर आपल्या पणजोबांच्या पोथ्या छापल्या गेल्या. पोथी वाचताना जावजींची आठवण किती जणांनी काढली असेल? कमल शेडगे यांचे 2020 साली निधन झाले. नाटकांच्या जाहिरातींतली त्यांची शीर्षके दोन पिढ्यांनी दुरून ओळखली. पण नाटक ओळखले, शेडगे नव्हे.

देवनागरीला यंत्रात बसवणे हे काम मोठे जिकिरीचे. इंग्रजीची लहानमोठी मिळून बावन्न अक्षरे केली की मुख्य काम आटोपते. आपल्याला काने, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून शेकडो आकार लागतात. जुळाऱ्याच्या पुढ्यातल्या घरांची संख्या कमी व्हावी म्हणून एकेकाळी लिपीच बदलायला विद्वान निघाले होते. सावरकरांनी 'अ'ची बाराखडी सुचवली आणि 'किर्लोस्कर' मासिकाने ती बरीच वर्षे चालवूनही दाखवली. यंत्र हट्टी, म्हणून लिपीने नमावे असा तो काळ. आता यंत्र नमले आहे. र. कृ. जोशी हे कवी आणि अक्षरकार; त्यांनी घडवलेला 'मंगल' हा टंक विंडोज 2000 बरोबर घरोघरच्या संगणकांत गेला. 'एक टाइप' या मुंबईच्या मंडळींनी घडवलेला 'मुक्त' तर कोणीही फुकट उतरवून घ्यावा. अर्धचंद्री 'र' आहे, 'ॲ' आहे. श देठाचा आणि ल पाकळीचा, हे सरकारनेही 10 नोव्हेंबर 2022 च्या निर्णयात सांगून टाकले आहे. आता अडते ते घाईपाशी.

फ्लेक्स आणि पत्रिका हे त्याचे दिवसाचे काम. रात्री तो संकेतस्थळे करतो. शाळा, पतसंस्था, बियाणांची दुकाने, कोणाला ना कोणाला वेबसाइट हवी असते. 2024 साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून तर हळदवाल्यांनाही ती हवीशी झाली आहे. अशाच एका व्यापाऱ्याने बाहेरगावच्या कारागिराकडून एक तयार इंग्रजी साचा आणला आणि ''यात मराठी भरून द्या'' म्हणाला. त्या साच्यात अक्षरे सुटी सुटी, ऐसपैस मांडायची रीत होती. इंग्रजी अक्षरे अशी मांडली की श्रीमंत दिसतात. देवनागरी तशी मांडली की शिरोरेषा तुटते आणि शब्द माळ तुटल्यासारखा घरंगळतो. दोन ओळींत अंतरही इंग्रजीच्या बेताचे. त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळत होते. याने सारे उसवून पुन्हा शिवले आणि हातातल्या मोबाइलवर उघडून दाखवले, कारण शेतकरी ते तिथेच वाचणार. व्यापारी म्हणाला, ''ते इंग्रजीच भारी दिसत होतं.'' हा म्हणाला, ''शेठ, हळद इकणारा मराठीच वाचायलाय.'' शेवटी मुखपृष्ठ मराठी राहिले आणि दर इंग्रजी आकड्यांत गेले. तडजोडीवाचून कोणता धंदा चालतो?

धंदा किती दिवस चालेल, हा मात्र खरा प्रश्न आहे. तयार पत्रिकांचे साचे आता मोबाइलवरच मिळतात. घरातली पोर नावे भरते आणि नवऱ्यामुलाच्या वरातीआधीच पत्रिका सर्वांच्या फोनवर पोचते. शंभर पत्रिका देवाला आणि वडीलधाऱ्यांना म्हणून छापतात, इतकेच. चित्रे काढणारी नवी यंत्रे आली तेव्हा त्यांना देवनागरी मुळीच जमत नव्हते. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे. त्या वर्षी हा मोठा खुशीत होता. आता त्यांनाही जमू लागले आहे. ''मग तू काय करणार?'' असे मी विचारले, तर म्हणाला, ''सर, पेंटरच्या पोराला हे इचारता का?'' वडील शेजारीच बसले होते. त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पण बोलले काही नाही.

त्याच्या दुकानाच्या कोपऱ्यात तो पहिला संगणक अजून चालू स्थितीत आहे. भंगारवाला दोनदा विचारून गेला. त्यात सुरुवातीच्या वर्षांतल्या पत्रिका, श्रद्धांजलीचे फलक, यात्रेची हस्तपत्रके, सारे साठलेले आहे. आणि सारे जुन्या टंकात. त्या टंकांची गंमत अशी की, पोटात रोमन अक्षरे आणि अंगावर देवनागरीची झूल. टंक आहे तोवर 'चि. सौ. कां.' दिसते, टंक नसलेल्या यंत्रावर तीच फाइल उघडली की झूल गळून पडते आणि अर्थहीन रोमन अक्षरांची वटवट उरते. त्याच्या घरी पत्र्याच्या पेटीत पणजोबांच्या शेताचे कागद आहेत, मोडीत. आजोबांचे आहेत ते उर्दूत, कारण 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. ते कागद घरात आज कोणालाच वाचता येत नाहीत. आपल्या फाइलींचे तसे होऊ नये, असे त्याच्या मनाने घेतले आहे.

म्हणून तो त्या एकेक करून युनिकोडमध्ये आणतो आहे. रूपांतर करून देणाऱ्या सोयी फुकट मिळतात. परंतु जुन्या टंकात ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली आणि रफार नंतर, नव्यात नेमके उलटे. सोय चुकली की 'वर्षा'ची 'वषर्ा' होते. मग तो वाचतो, दुरुस्त करतो आणि मध्येच हाक मारतो, ''बापू, ह्या लग्नाचा बोर्ड तुम्हीच लिव्हला होता ना?'' म्हातारबुवा चश्मा सरसावून पडद्यापाशी येतात, नावे वाचतात, आणि यातले कोण राहिले, कोण गेले, ते सांगू लागतात. त्यामुळे काम आणखी रेंगाळते. 2009 च्या वैशाखापर्यंत मजल गेली आहे. तुळशीचे लग्न लागले की नव्या पत्रिका सुरू होतील आणि मग हात मोकळा मिळणार नाही. तोवर 2010 उरकायचे, असा त्याचा बेत आहे.