रोमन संख्या : सात चिन्हे आणि एक ‘उणे’

रोमन संख्या लिहायला फक्त सात चिन्हे लागतात. Ⅰ म्हणजे १, Ⅴ म्हणजे ५, Ⅹ म्हणजे १०, Ⅼ म्हणजे ५०, Ⅽ म्हणजे १००, Ⅾ म्हणजे ५०० आणि Ⅿ म्हणजे १०००. ही रोमन लिपीतली आय, व्ही, एक्स, एल, सी, डी आणि एम ही अक्षरेच आहेत. या सातांत शून्य नाही, आणि चिन्हाची किंमत त्याच्या जागेवरून बदलत नाही. १११ या संख्येत एकच अंक शंभर, दहा आणि एक अशा तीन किमती धारण करतो. रोमन Ⅽ मात्र कुठेही लिहिला तरी शंभरच असतो. ते शंभर मिळवायचे की वजा करायचे, एवढेच शेजारच्या चिन्हावरून ठरते. रोमन संख्या शिकायच्या म्हणजे मुख्यतः ही मिळवण्याची आणि वजा करण्याची खूण ओळखायला शिकायचे.

चिन्हे आली कुठून

रोमच्या उदयाआधी मध्य इटलीत एट्रुस्कन लोकांचा मोठा प्रभाव होता. त्यांची आकडे लिहिण्याची रीत बरीचशी अशीच होती आणि रोमनांनी ती त्यांच्याकडून उचलली, असे अभ्यासक मानतात. या रीतीचे मूळ काठीवर खाचा पाडून मोजण्यात असावे. एक उभी खाच म्हणजे एक. खाचा चार-पाचाच्या पुढे गेल्या की एका नजरेत मोजता येत नाहीत, म्हणून पाचव्या आणि दहाव्या खाचेला वेगळा आकार दिला की काम सोपे होते. पाच आणि दहा हेच टप्पे का, याचे उत्तर हाताच्या बोटांत आहे. Ⅹ आडवा कापला तर वरचा अर्धा भाग Ⅴ सारखा दिसतो, हेही लक्षात ठेवायला उपयोगी पडते.

हजारासाठी पूर्वी उभी रेघ आणि तिच्याभोवती वर्तुळ असे चिन्ह वापरत. त्या चिन्हाचा उजवा अर्धा भाग म्हणजे Ⅾ, हजाराचे निम्मे. शंभराला लॅटिनमध्ये ‘केंटुम’ आणि हजाराला ‘मिले’ म्हणतात. या शब्दांच्या पहिल्या अक्षरांच्या ओढीने शंभरासाठी Ⅽ आणि हजारासाठी Ⅿ रूढ झाले. सेंच्युरी आणि सेंटिमीटर हे शब्द आठवले की Ⅽ विसरत नाही. मिलिमीटर आणि मिलेनियम आठवले की Ⅿ. ‘केंटुम’ हा शब्द संस्कृत ‘शतम्’चा सख्खा भाषिक नातेवाईक आहे. म्हणजे मराठीतला ‘शे’ आणि हा Ⅽ दूरच्या एकाच घरातून निघाले आहेत.

वाचण्याची रीत

संख्या डावीकडून उजवीकडे वाचायची. मोठी किंवा समान चिन्हे आधी आणि लहान नंतर असतील तर सगळ्यांची बेरीज करायची. ⅩⅤⅠ म्हणजे १० + ५ + १, अर्थात १६. ⅬⅩⅩⅠⅠ म्हणजे ५० + १० + १० + १ + १, अर्थात ७२.

लहान चिन्ह मोठ्या चिन्हाच्या डावीकडे आले तर ते मोठ्यातून वजा करायचे. अशा जोड्या सहाच आहेत : ⅠⅤ म्हणजे ४, ⅠⅩ म्हणजे ९, ⅩⅬ म्हणजे ४०, ⅩⅭ म्हणजे ९०, ⅭⅮ म्हणजे ४०० आणि ⅭⅯ म्हणजे ९००. या सहा जोड्या पाठ झाल्या की वाचनातली अडचण बहुतेक संपते.

वजाबाकीचा हा नियम मुलांना विचित्र वाटतो, पण मराठी बोलणारे मूल तो रोज वापरत असते. ‘एकोणीस’ म्हणजे एक उणे वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ या सगळ्यांत पुढच्या मोठ्या संख्येतून एक काढलेला आहे. ‘पावणेदोन’ म्हणतानाही दोनातून पाव कमी केलेला असतो. लॅटिन भाषेतही असेच होते : एकोणीस आणि अठरा यांच्या लॅटिन नावांचा अर्थ ‘वीसातून एक’ आणि ‘वीसातून दोन’ असा आहे. ⅠⅩ कडे बोट दाखवून ‘एक उणे दहा’ असे म्हटले, की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियावर हा नियम दगडात कोरलेला आहे. पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांच्या आगमनाची नोंद करणाऱ्या तिथल्या इंग्रजी लेखात तारीख २ डिसेंबरची आहे आणि साल ⅯⅭⅯⅩⅠ असे लिहिले आहे. पहिला Ⅿ म्हणजे हजार. पुढे Ⅽ आहे, पण तो लगेच मिळवायचा नाही. त्याच्या पुढचे चिन्ह आधी पाहायचे. तिथे Ⅿ, म्हणजे शंभरापेक्षा मोठे चिन्ह आहे. म्हणून Ⅽ आणि Ⅿ मिळून नऊशे. मग Ⅹ दहा आणि Ⅰ एक. एकूण १९११. कमान बांधून झाली ती १९२४ मध्ये; लेखातले साल राजाच्या आगमनाचे आहे. ‘एक चिन्ह पुढे पाहून मग मागच्याची किंमत ठरवायची’ ही वाचनातली सगळ्यात महत्त्वाची सवय या पाच चिन्हांतच लागते. त्याच लेखात जॉर्जच्या नावापुढे Ⅴ आहे. राजांच्या नावापुढचा आकडा क्रम सांगतो, म्हणून मराठीत तो नावाच्या आधी येतो : पाचवा जॉर्ज, चौदावा लुई.

लिहिण्याची रीत

संख्या लिहिताना तिचे हजार, शतक, दशक आणि एकक सुटे करायचे आणि प्रत्येकाची चिन्हे ओळीने मांडायची. शिवराज्याभिषेकाचे साल १६७४ घेतले तर १००० साठी Ⅿ, ६०० साठी ⅮⅭ, ७० साठी ⅬⅩⅩ आणि ४ साठी ⅠⅤ. एकत्र लिहिले की ⅯⅮⅭⅬⅩⅩⅠⅤ. स्वातंत्र्याचे साल १९४७ म्हणजे Ⅿ, ⅭⅯ, ⅩⅬ आणि ⅤⅠⅠ, म्हणजेच ⅯⅭⅯⅩⅬⅤⅠⅠ. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेचे साल १९६० म्हणजे ⅯⅭⅯⅬⅩ. इथे एककस्थानी शून्य आहे, आणि शून्यासाठी काहीच लिहायचे नसते.

लिहिताना चार पथ्ये पाळायची.

१. Ⅰ, Ⅹ, Ⅽ आणि Ⅿ ही चिन्हे लागोपाठ जास्तीत जास्त तीनदा लिहायची.

२. Ⅴ, Ⅼ आणि Ⅾ कधीच दोनदा लिहायची नाहीत, कारण दोन पाचांसाठी Ⅹ आहे, दोन पन्नासांसाठी Ⅽ आहे आणि दोन पाचशेंसाठी Ⅿ आहे.

३. वजा करायला फक्त Ⅰ, Ⅹ आणि Ⅽ वापरायची, आणि एका वेळी एकच. आठ म्हणजे ⅤⅠⅠⅠ. दहाच्या आधी दोन रेघा मारून आठ लिहायचे नाहीत.

४. Ⅰ फक्त Ⅴ आणि Ⅹ मधून, Ⅹ फक्त Ⅼ आणि Ⅽ मधून, Ⅽ फक्त Ⅾ आणि Ⅿ मधून वजा करायचे.

चौथे पथ्य सगळ्यात जास्त मोडले जाते. ९९ म्हणजे शंभराला एक कमी, म्हणून मुले ⅠⅭ लिहितात. बरोबर उत्तर ⅩⅭⅠⅩ आहे, कारण नव्वद वेगळे आणि नऊ वेगळे लिहायचे असतात. ४९ सुद्धा ⅠⅬ नसून ⅩⅬⅠⅩ असते. दशक आणि एकक आधी सुटे केले तर ही चूक होतच नाही.

या नियमांनी लिहिता येणारी सगळ्यात मोठी संख्या ३९९९, म्हणजे ⅯⅯⅯⅭⅯⅩⅭⅠⅩ. त्यापुढे जायचे तर चिन्हावर आडवी रेघ देतात आणि त्याची किंमत हजारपट होते. चिन्हांच्या गर्दीवरून संख्येचा मोठेपणा कळत नाही : १८८८ लिहायला तेरा चिन्हे लागतात आणि २००० लिहायला दोनच, ⅯⅯ.

रोमन लोक स्वतः कसे लिहीत

ही पथ्ये आजच्या काटेकोर स्वरूपात नंतरच्या काळात ठरली. प्राचीन रोममध्ये लिहिण्यात बरीच मोकळीक होती. रोममधल्या कोलोसियमला ऐंशी दारे होती आणि त्यांपैकी ७६ दारांच्या कमानींवर क्रमांक कोरलेले होते, म्हणजे प्रेक्षकाला आपले दार सापडे. त्यांतले काही आजही वाचता येतात. चव्वेचाळिसाव्या दारावर ⅩⅬⅠⅠⅠⅠ आहे. कोरणाऱ्याने चाळीस वजाबाकीने लिहिले आणि त्याच दगडावर चार मात्र चार उभ्या रेघांनी. सध्याच्या नियमाने ते ⅩⅬⅠⅤ व्हायला हवे.

जर्मनीतील बॉनच्या संग्रहालयात मार्कुस कायलिउस या रोमन सेनाधिकाऱ्याचा स्मारकशिलालेख आहे. इसवी सन ९ मध्ये ट्युटोबुर्गच्या जंगलात रोमन सैन्याचा जो दारुण पराभव झाला, त्यात तो मारला गेला. त्याचे दल अठरावे होते, आणि शिळेवर ते ⅩⅠⅠⅩ असे कोरले आहे : दहा, आणि दोन उणे दहा. बोलताना ‘वीसातून दोन’ म्हणणाऱ्या लोकांना हे लिहिणे अवघड गेले नसणार.

जुन्या मोकळिकीची खूण आजही घड्याळांवर दिसते. रोमन आकड्यांच्या बहुतेक तबकड्यांवर चारसाठी ⅠⅠⅠⅠ असते. त्याचे एक कारण असे सांगतात, की समोरच्या बाजूच्या ⅤⅠⅠⅠ या भरगच्च आकड्याशी त्याचा तोल साधतो. लंडनच्या बिग बेन मनोऱ्यावरील घड्याळात मात्र चारसाठी ⅠⅤ आहे.

हिशेब आणि शून्य

रोमन संख्यांची बेरीज करता येते. २७ आणि १६ म्हणजे ⅩⅩⅤⅠⅠ आणि ⅩⅤⅠ. सगळी चिन्हे एकत्र करून मोठ्यापासून लहानाकडे लावली की ⅩⅩⅩⅤⅤⅠⅠⅠ होते. दोन Ⅴ चा एक Ⅹ, म्हणजे चार Ⅹ. चार Ⅹ म्हणजे ⅩⅬ. उत्तर ⅩⅬⅠⅠⅠ, म्हणजे ४३. गुणाकार आणि भागाकार मात्र किचकट होतात. म्हणून रोमन व्यापारी मोजणीच्या पाटीवर खडे सरकवून हिशेब करीत आणि उत्तर तेवढे चिन्हांत लिहून ठेवत. खड्याला लॅटिनमध्ये ‘कॅल्क्युलस’ म्हणतात. कॅल्क्युलेटर हा शब्द त्यावरूनच आला.

शून्याविना आकडे लिहिण्याची रीत एकट्या रोमची नव्हती. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील सातवाहनकालीन ब्राह्मी लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेले आहेत. तिथेही दहा, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत, शून्य नाही. पुढे भारतात स्थानिक किंमत आणि शून्य यांची पद्धत विकसित झाली आणि ब्राह्मी अंकांची पुढची रूपे तिने वापरली. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मीने ती अरबी जगाला समजावून सांगितली आणि १२०२ मध्ये फिबोनाचीने ‘लिबर अबाची’ या ग्रंथातून युरोपला. युरोपने ती लगेच स्वीकारली नाही. फ्लॉरेन्सच्या सराफ-संघाने १२९९ मध्ये हिशेबवह्यांत हे नवे अंक लिहायला बंदी केली होती. अखेर हिशेबाचे काम भारतीय अंकांकडे गेले आणि क्रम दाखवण्याचे काम रोमन संख्यांकडे राहिले.

आज त्या कुठे भेटतात

भारतीय राज्यघटनेच्या इंग्रजी प्रतीत भागांचे क्रमांक रोमन आहेत : भाग ⅠⅠⅠ मूलभूत हक्कांचा, भाग ⅠⅤ मार्गदर्शक तत्त्वांचा. हिमोफिलियाच्या रुग्णाच्या कागदांवर फॅक्टर ⅤⅠⅠⅠ असे लिहिलेले असते; रक्त गोठवणाऱ्या घटकांतला तो आठवा. रसायनशास्त्रात लोहाच्या संयुगांतील फरक Ⅱ आणि Ⅲ या आकड्यांनी दाखवतात. अनेक पुस्तकांत प्रस्तावनेच्या पानांना ⅰ, ⅱ, ⅲ असे लहान आकडे असतात, आणि मुख्य मजकूर १ पासून सुरू होतो. एकाच ठिकाणी दोन प्रकारचे क्रम लागतात तेव्हा रोमन संख्या दुसरा क्रम वेगळा ठेवतात, आणि त्या टिकून राहिल्या त्या या सोयीमुळे.

शिकताना आधी Ⅰ, Ⅴ आणि Ⅹ एवढ्या तीन चिन्हांनी वीसपर्यंत लिहावे, मग Ⅼ आणि Ⅽ घेऊन शंभरपर्यंत जावे, शेवटी Ⅾ आणि Ⅿ घेऊन साले वाचावीत. सरावाला न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा चांगला आहे. तिच्या डाव्या हातातील फलकावर अमेरिकेच्या स्वातंत्र्याची तारीख कोरली आहे : जुलै ⅠⅤ, ⅯⅮⅭⅭⅬⅩⅩⅤⅠ. दिवसात लहान चिन्ह मोठ्याच्या आधी आहे, म्हणून वजाबाकी : ४. सालात प्रत्येक चिन्ह आधीच्याइतकेच किंवा त्याहून लहान आहे, म्हणून नुसती बेरीज : १००० + ७०० + ७० + ६, म्हणजे १७७६. पद्धतीचे दोन्ही नियम त्या एका तारखेत आहेत.