डोळ्याचा पडदा आणि कबड्डी

शिवथरच्या मैदानात पकडीत कोपर लागून माझ्या भाच्याच्या डोळ्याचा पडदा सुटला. आधी चमका दिसल्या, मग कडेने काळी सावली चढली. शस्त्रक्रियेने नजर वाचली. आता रोज एकच प्रश्न : “मामू, कबड्डी कधी?”

मित्रहो, बसवलेला पडदा धक्क्याने पुन्हा सुटू शकतो. १९८२मध्ये अशीच शस्त्रक्रिया झालेला मुष्टियोद्धा शुगर रे लिओनार्ड १९८७मध्ये पुन्हा जगज्जेता झाला. पण एकाचं नशीब ही सर्वांची हमी नव्हे. पडद्याचे डॉक्टर तपासून सांगतील तेव्हाच मैदान. डोळ्यात वायू भरला असेल, तर तो विरेपर्यंत वरंधा घाटही चढू नये. उंचीवर वायू फुगतो, डोळ्यावर दाब येतो. आणि चमका-सावली दिसली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

भाचा सध्या रेषेबाहेर बसून गुण लिहितो. त्यालाही नजर लागतेच.